चाक गोल होईपर्यंत

१४ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या त्या केंद्रानं माझे बाबा परत पाठवले. एकदा नाही, तीनदा! "जोडलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे" एवढंच लिहून. उभ्या जन्मात आपल्या बाबांना कुणी 'मोठे' म्हटलं नव्हतं, तो मान शेवटी तुमच्या हवामान केंद्रानं दिला. बाबांना सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला.

तूच मागे लागला होतास ना, बाबांचा फोटो पाठव, फोटो पाठव म्हणून? मग आता तूच सांग काय करायचं ते. मी चष्म्याच्या दुकानात बसणारी बाई. लोकांच्या नाकावर काचा बसवते. फोटो लहान कसा करतात ते मला ठाऊक नाही. दुकानात कॉम्प्युटर आहे आणि जेवणाच्या सुट्टीत मालकीणबाई डुलकी काढतात, तेवढा वेळ माझा.

बाबा बरे आहेत. जेवण थोडं कमी झालंय, वयाचं असेल. तू नीट जेवतोस ना? बेटावर भाजी मिळते का काही, की डबेच फोडता?

ताई


१९ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (इथून पाय सापडत नाहीत, गोड मानून घे.)

अगं, इथली लाइन म्हणजे उंदराचं बीळ. अक्षरं सुळकन निघून येतात, फोटो आला की तोंडाशीच अडकतो. बोलणं तर होतच नाही. चाळीस केबीच्या आतलं असेल तेवढंच आत घेतात, आणि तुझा फोटो होता चार एमबीचा. उंदराच्या बिळात तू म्हैस घालत होतीस!

नेटवर फुकट पानं असतात, काही उतरवून घ्यावं लागत नाही. एक पान फोटो तपासतं. किती ठिपके रुंद, किती उंच, किती वजनाचा, कधी काढला, सगळी कुंडली सांगतं. दुसरं पान लहान करतं. तिसरं दाबतं. तिथं दर्जाची पट्टी असते, ती डावीकडे सरकवली की वजन उतरतं. फार सरकवू नकोस, नाहीतर माणसाच्या तोंडाचे चौकोन होतात.

माझी काळजी करू नकोस. स्वयंपाक्या झकास जेवू घालतो आणि संध्याकाळी तो, यंत्रवाला आणि मी पत्ते कुटतो. सोबत फोटो धाडलाय, बघ. यंत्रवाला लबाड आहे, पत्ते लपवतो.

माझी सायकल विकली नाहीस ना? मागचं चाक उडी मारत होतं. निघताना बाबा म्हणाले होते, "ठेव, मी आउट काढतो, चाक सरळ धावेल." सायकलचं दुकान बंद करून किती वर्षं झाली, तरी त्यांचे हात शिवशिवतात. राहू दे म्हणावं. मी आल्यावर बघू.

धाकटा


३ फेब्रुवारी

धाकट्या,

जमलं! सोबत बाबा आहेत, अडतीस केबीचे. उघडून बघ आणि लगेच कळव.

किती डोकेफोड झाली ते माझं मला माहीत. आधी तुझ्याच पत्त्यांच्या फोटोवर हात साफ केला. तपासणाऱ्या पानावर टाकला, लहान केला, दाबला. बरंच काही कळलं. मग बाबांचा घेतला. तो काही केल्या चाळिसात येईना. पट्टी सरकवली तर नाकाच्या जागी टाइल बसवल्यासारखी दिसायला लागली. पुन्हा सुरुवात केली, आकडे कमी केले, तेव्हा कुठे. मालकीणबाई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "हे कोण गृहस्थ?" म्हटलं, आमचे तीर्थरूप. त्या म्हणाल्या, "छान आहेत हो."

घरी सगळं ठीक. तू एकटा... एकटं वाटून घेऊ नकोस तिथं. दोघंजण आहेत ना सोबत.

ताई


११ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई!

बाबा केवढे सुधारले गं! गाल भरलेत! खांदे बघ! मी निघालो तेव्हा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा त्यांच्या अंगावर. काय खायला घालतेस? मी दिवसभर बघत होतो. वारा मोजायचा, येऊन बघायचा. पाऊस मोजायचा, येऊन बघायचा.

खरं सांगू? तू "जेवण कमी झालंय" लिहिलंस ना, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एप्रिलच्या बोटीनं सरळ परत यायचं ठरवलं होतं. आता जरा शांत झोप लागली. साहेब म्हणतात, आणखी एक पाळी काढलीस तर किनाऱ्यावरच्या ऑफिसात नेमणूक, म्हणजे घरापासून बसच्या अंतरावर. मग कायमचा तुमच्या डोक्यावर बसेन, वैतागाल!

अजून फोटो पाठव.

धाकटा


८ मार्च

धाकट्या,

उशीर झाला, रागावू नकोस. दुकानात गर्दी होती.

सोबत अजून एक फोटो. तुला आवडतात तसा.

एप्रिलची बोट नक्की कधी आहे? मी आपलं सहज विचारते. तू यावंस असं मला वाटतं की नाही हे विचारू नकोस, मला काय, रोजच वाटतं. बाबांना विचारलं, "बोलवू का त्याला?" तर खवळले. "त्याचं आयुष्य मार्गी लागतंय आणि तू मध्ये खोडा घालू नकोस." तुझं पत्र मी छापून आणलं, ते उशाशी ठेवलंय त्यांनी. ते "कायमचा" जिथं लिहिलंयस ना, तिथं बोट ठेवून दाखवतात मला, मी जशी निरक्षरच आहे.

बाकी त्यांचं नवीन खूळ. शर्टाच्या बाह्यांना ग्रीस लावून ठेवतात. दिवसभर गॅलरीत बसून असतात नुसते, आणि संध्याकाळी बाही काळी. विचारलं तर म्हणतात, "सायकलला टेकलो असेन." धुऊन धुऊन माझे हात गेले.

ताई


१७ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

बोट आली आणि गेली. मी राहिलो. आणखी एका पाळीची सही केली. धक्क्यावर उभा होतो, बॅग भरलेली होती बरं का, न जाणो मन बदललं तर म्हणून. मग खिशातला बाबांचा फोटो काढला. इथल्या छापयंत्रावर छापलाय, काळा-पांढरा. तो बघितला आणि बॅग उचलून परत वर आलो. पुढची बोट जुलैत. तेवढं काढलं की झालं.

बोट लांब जाताना बघणं वाईट असतं पण. कुत्राही नाही इथं. म्हणजे, पाळायची परवानगी नाही.

पत्ते चालू आहेत.

धाकटा


२९ एप्रिल

धाकट्या,

पत्र मिळालं. ठीक आहे.

सोबत फोटो. गॅलरीत उन्हात बसवलंय त्यांना, खोलीत थंडी वाजते म्हणतात.

ताई


६ मे

ताई,

हा फोटो मी सकाळी उघडला आणि मला हसू आलं. बाबांच्या मागे माझी सायकल आहे आणि तिची चाकं अंड्यासारखी दिसतायत. म्हटलं, हाच तो आपला आउट! या सायकलवर बसलो तर बेडकासारखा उड्या मारत जाईन.

मग हसू गेलं. आउट एका चाकात होता, मागच्या. इथं दोन्ही चाकं लंबगोल आहेत, दोन्ही सारखीच आणि दोन्ही आडवी.

मी सायकलवाल्याचा मुलगा आहे गं. शाळेतून येऊन त्या दुकानात बसायचो. बाबा चाक फिरवायचे आणि रिमजवळ अंगठ्याचं नख धरायचे. "चाक डोळ्यांनी बघायचं नसतं, नखानं ऐकायचं." टिक झालं की तिथं आउट. तिथला स्पोक आवळायचा. मला चाक कळतं, ताई.

फोटो तपासणाऱ्या पानावर टाकला. हे बारीक पान इथंही उघडतं. चाकाची रुंदी मोजली, उंची मोजली. मग लहान-मोठं करायच्या पानावर नेला आणि उंची वाढवत गेलो, थोडी, अजून थोडी. चाक गोल झालं आणि बाबा वाळले.

माझ्या डोळ्यांसमोर वाळले. गाल आत गेले, मान काडीसारखी झाली. मग फेब्रुवारीतला फोटो तसाच ओढला, मार्चमधलाही ओढला. प्रत्येक फोटोत बाबा आधीपेक्षा बारीक.

तू मला फसवलंस. माझी बोट गेली, ताई. बॅग भरलेली होती माझी.

काय झालंय त्यांना? खरं लिही. मापात लिही.


१० मे

धाकट्या,

शिव्या दे. मला मान्य आहे.

पोटात गाठ आहे. जानेवारीच्या शेवटी कळलं. कापण्यासारखी नाही म्हणतात. दुखू नये म्हणून औषध देतात, ते लागू पडतं. खाणं दोन-चार घास.

फोटोचं आधी खरंच चुकून झालं, तुझी शपथ. वजन चाळिसात येईना म्हणून मी उंचीचा आकडा कमी केला, रुंदीचा तसाच ठेवला. दोन आकड्यांच्या मध्ये साखळीचं चिन्ह असतं, ती साखळी लागलेली असली की दोन्ही एकत्र कमी होतात. माझी पडली होती. सायकलवाल्याची मुलगी आणि चेन पडलेली कळली नाही! बटण दाबलं आणि पडद्यावर बाबा, भरल्या अंगाचे, हसतायत. मी नीट करायला गेले आणि माझा हात पुढे जाईना. दवाखान्यातून कागद घेऊन येऊन आठवडाही झाला नव्हता. मलाच बघत बसावंसं वाटलं रे.

घरी येऊन बाबांना दाखवला. तर म्हणाले, "असाच पाठव. लग्नात होतो तसा दिसतोय." आणि मग तुझं ते पत्र आलं, ताई ताई ताई म्हणून. त्यानंतर मी साखळी मुद्दाम सोडत गेले.

आता तुझंही ऐक. शिकताना तुझा पत्त्यांचा फोटो मी तपासणाऱ्या पानावर टाकला होता ना, त्यावर तारीख होती. मागच्या वर्षीच्या ऑगस्टची. म्हटलं, नवा का नाही पाठवला? तुझ्या ऑफिसात फोन केला. तिथली बाई म्हणाली, "तिथं आता एकच माणूस असतो, बाकीचं यंत्रं बघतात. दोघांना डिसेंबरातच परत आणलं." कोण स्वयंपाक्या नि कोण यंत्रवाला! कुणाशी पत्ते खेळतोस, भिंतीशी?

एकटा माणूस समुद्राच्या मध्यावर बसलाय आणि त्याला लिहू, तुझे बाबा चाललेत? बोट नाही, फोन नाही, रडायला खांदा नाही. नाही लिहवलं मला. मार्चमध्ये लिहायला बसले होते. बोट कधी म्हणून विचारलं आणि तिथंच शाई संपली माझी.

मी चुकले. तुझी बोट मी घालवली. हे मला आयुष्यभर पुरेल.

ताई


१३ मे

ताई,

हो, एकटा आहे. दोन कप घेतो चहाचे, एक समोर ठेवतो, गार झाला की तोही मीच पितो. तुला कळवलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस आणि बाबा जेवले नसते. म्हणजे आपण दोघं एकाच शाळेतले.

ऑफिसला बोट मागितली. एका माणसासाठी वेगळी बोट सोडत नाहीत, जुलैशिवाय नाही म्हणाले. दोनदा मागितली, भांडलो, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

एक कर. बाबांचा एक फोटो काढ, मोठा, होता होईल तेवढा स्पष्ट. दाबू नकोस आणि लहान करू नकोस. कापायचं पान असतं, तिथं त्याचे तुकडे कर, प्रत्येक चाळिसाच्या आत बसेल असा, आणि रोज थोडे थोडे पाठव. मी इथं जोडतो. मला पूर्ण बाबा पाहिजेत. जसे आहेत तसे.

धाकटा


१८ मे

धाकट्या,

आज सकाळी दुकानात जाताजाता काढला. गॅलरीत, त्याच खुर्चीत. फोन चेहऱ्यावर धरला आणि दाबलं बटण. दुपारी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. डुलकी सोडून माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि कापलेल्या तुकड्यांना नंबर घालत गेल्या. बऱ्याच चकत्या झाल्या.

बाबांना विचारलं, "आधी कुठला पाठवू?" म्हणाले, "तोंड आधी पाठव. बाकीचा म्हातारा येईल सावकाश."

सोबत कपाळ आणि डोळे. उद्या नाक-तोंड.

ताई


२० मे

ताई,

दोन्ही तुकडे लागले. चेहरा पूर्ण झाला. खूप वाळलेत गं. पण हे माझे बाबा आहेत, तो गुबगुबीत माणूस कुणीतरी पाहुणा होता. डाव्या भुवईतला पांढरा केससुद्धा दिसतोय.

बाबांना सांग, पोहोचलात म्हणावं.


२३ मे

सांगितलं. वाचून दाखवलं दोनदा. म्हणाले, "हप्त्याहप्त्यानं का होईना, जातोय ना." मग बराच वेळ डोळे मिटून हसत होते. सोबत मान आणि खांदा. शर्ट तुझाच आहे, त्यांनी हट्टानं घातला.


२ जून

छातीचा आणि मांडीचा भाग मिळाला. सगळं स्टोअरच्या दारावर छापून चिकटवतोय. दार कमी पडणार असं दिसतंय. जेवतात का?


५ जून

थोडं पातळ घेतात. आता गॅलरीत येत नाहीत, खाटेवरच असतात. सोबत खुर्चीचा हात आणि खिडकी. ती खिडकी कशाला पाठवू, असं वाटलं होतं, पण तू "पूर्ण" म्हणाला होतास.


२१ जून

धाकट्या,

बाबा गेले. सोमवारी सकाळी. मी चहा गाळत होते आणि आत हाक मारली, तर ओ आली नाही. त्रास झाला नाही, चेहरा शांत होता. मालकीणबाई आल्या, शेजारचे आले, सगळं उरकलं. तू नव्हतास एवढंच. तुला लगेच कळवायला बसले होते, पण दोनदा लिहून दोनदा पुसलं.

आता घर इतकं गप्प आहे की स्वतःच्याच भांड्यांचा आवाज नको वाटतो. दुकानातून आले की मी आधी गॅलरीतच बघते. सवय. कुणाला रागवू? कुणाच्या बाह्या धुऊ?

एक तुकडा राहिला होता. शेवटचा, खालच्या कोपऱ्यातला. त्यात बाबा नाहीतच धड, नुसता उजवा हात आणि सायकलचं मागचं चाक. शिवाय तो पुसट आलाय, घाईत माझा हात हलला असणार. पाठवू की नको, असं झालं. पण दारावर तेवढी जागा रिकामी राहिली तर तुला चैन पडायचं नाही, म्हणून पाठवते. पुसट आहे त्याबद्दल माफ कर. एवढा एकच फोटो खरा काढायचा होता, तोही मला धड जमला नाही.

जुलैच्या बोटीनं ये रे. मला एकटीला हे घर पेलत नाही.

ताई


४ जुलै

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिता येत नव्हतं. वारा मोजायचो आणि येऊन दारासमोर बसायचो. शेवटचा तुकडा छापून ठेवला होता, चिकटवायचं धाडस होत नव्हतं. तो लावला की बाबा संपले, असं वाटायचं. आज लावला.

तू चष्म्याच्या दुकानात असतेस ना? मग नीट बघ. तुझा हात हलला नव्हता. मडगार्ड स्पष्ट आहे, सीटची शिवण स्पष्ट आहे. बाबांच्या अंगठ्याच्या नखातली ग्रीसची काळी रेघसुद्धा स्पष्ट आहे. पुसट आहेत ते फक्त स्पोक. हात हलला असता तर सगळंच हललं असतं.

चाक फिरत होतं, ताई. तू त्यांच्या तोंडाकडे बघत होतीस आणि त्यांनी खाली हळूच चाक फिरवलं होतं. नख रिमपाशी धरलंय. ऐकतायत. दिवसभर नुसते बसून असतात, असं तू लिहायचीस ना? ते बसून नव्हते. बाह्यांना ग्रीस उगाच लागत नव्हतं.

आणि रिमची कड बघ. चाक उडी मारत असतं तर फिरताना ती कड पुसट झाली असती. ती रेघ ओढल्यासारखी आली आहे. सगळा आउट काढलाय त्यांनी, एक-एक स्पोक आवळून, माझ्यासाठी. तुला जमलेला हा सगळ्यात चांगला फोटो आहे. मी आज पोटभर रडलो, पहिल्यांदाच.

परवा बोट येतेय. बॅग भरली आहे. दारावरचे बाबा तुकड्या-तुकड्यांनी काढून वहीत ठेवलेत, घरी आल्यावर दोघं मिळून जोडू.

सायकल स्टँडवरून काढू नकोस. मी येऊन उतरवतो.

धाकटा